अर्डेन-रोग्राख: टेबलावर हत्यारांचा ढीग, पण लढायला कुणी नाही

फोंडेकर_पत्ते
मॅजिक (पत्त्यांचा खेळ), कमांडर फॉरमॅट (१०० पत्ते, त्यांतले नायक म्हणजे कमांडर), लाल-पांढरा डेक. कमांडर जोडी अर्डेन आणि रोग्राख. उरलेल्या ९८ मध्ये ३४ इक्विपमेंट (हत्यारं), ११ क्रीचर (लढणारे), ३३ लँड (माना देणारे), २० इतर. पाचव्या टर्नपर्यंत पाच-सहा हत्यारं उतरतात, पण उचलायला माणूस नसतो. सगळा माना (पत्ते खेळायचं इंधन) इक्विपवर, म्हणजे हत्यार क्रीचरला लावण्यावर जातो. शिवाय लाइटनिंग ग्रीव्ह्ज घातले की रोग्राखला दुसरं काही लावता येत नाही. चवथीच्या सुट्टीत चौघांचं टेबल बसायचंय. काय काढू, काय घालू?

डिचोलीचा_लोहार
३४ हत्यारं म्हणजे लोहाराचं दुकान झालं, सैन्य कुठाय? असं वाटून बघा: ३५ लँड, ५ माना रॉक (माना देणारे आर्टिफॅक्ट), २२ इक्विपमेंट, १८ क्रीचर, १२ रिमूव्हल (समोरच्याचे पत्ते उडवणारे) आणि बचाव, ६ इतर.

हत्यार निवडताना उतरवायची किंमत बघा, इक्विपची नको. अर्डेन तुमच्या कॉम्बॅटच्या सुरुवातीला हवी तितकी हत्यारं फुकट लावतो, त्या टर्नला उतरला असला तरी. म्हणून कोलॉसस हॅमर इथे सोन्याचा: उतरवायला १, इक्विप ८, आणि +१०/+१० (पॉवर म्हणजे मार / टफनेस म्हणजे तग). पहिल्या टर्नला रोग्राख (० माना) आणि हॅमर, तिसऱ्याला अर्डेन, की त्याच टर्नला १० चा मार. फर्स्ट स्ट्राइक (आधी मार), मेनेस (अडवायला दोन क्रीचर लागतात), ट्रॅम्पल (उरलेला मार खेळाडूला) रोग्राखकडे आधीच आहेत.

आता हिशेब. रोग्राखची पॉवर ०, म्हणजे हॅमरचे दोन फटके २०. समोरच्याला बाद करायला एकाच कमांडरचा मार, म्हणजे कमांडर डॅमेज, २१ लागतं! एकाने हुकतं. बोनस्प्लिटर (१ माना, +२/+०) जोडला की २४. किंवा एम्बरक्लीव्ह: हॅमरसोबत पॉवर ११, डबल स्ट्राइकने (दोनदा मार) एकाच हल्ल्यात २२. तो ब्लॉक ठरल्यावरच काढायचा, आधी दाखवायचा नाही. मूळ किंमत ६, हल्ला करणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे १ कमी, तेव्हा सोबत दोन-तीन फुटकळ क्रीचर धाडा.

मडगाव_मलिगन
ग्रीव्ह्जचं दुखणं म्हणजे श्राउड. तुम्हालाही टार्गेट करता येत नाही, आणि इक्विप टार्गेट करतं, अर्डेनचा ट्रिगरही (त्याची आपोआप होणारी क्रिया). दुसरं क्रीचर असेल तर ग्रीव्ह्ज (इक्विप ०) आधी त्याला द्या, रोग्राखला बाकीचं लावा, मग ग्रीव्ह्ज परत आणा. मात्र अर्डेनचा ट्रिगर कॉम्बॅटमध्ये होतो आणि इक्विप फक्त मेन फेजला, त्यामुळे ट्रिगरच्या वेळी ग्रीव्ह्ज दुसऱ्याकडेच हवेत; त्याच ट्रिगरने बाकीच्यांसोबत तेही रोग्राखला लावता येतात. एकटा रोग्राख असेल तर अडकलात.

सरळ उपाय: ग्रीव्ह्ज काढून स्विफ्टफूट बूट्स घाला. इक्विप १ पडतो, पण हेक्सप्रूफ फक्त समोरच्यांना रोखतं.

प्रोटेक्शनवाल्या तलवारींतही हाच घोळ, आणि तो पटकन लक्षात येत नाही. सोर्ड ऑफ वॉर अँड पीस लाल आणि पांढऱ्यापासून वाचवते. अर्डेन पांढरा, म्हणजे ती तलवार घातलेल्या रोग्राखला तो हात लावू शकत नाही. सिगार्डाज एडचंही (हत्यार उतरताच ते फुकट लावणारा पांढरा पत्ता) तेच. एम्बरक्लीव्ह लाल आहे, म्हणून तो तर गळूनच पडतो, सोर्ड ऑफ फायर अँड आइस असली तरीही. बाकी बहुतेक हत्यारं रंगहीन, माना भरून इक्विप केलं की चालतात.

फोंडेकर_पत्ते
हे ध्यानात नव्हतं. अर्डेनलाच कुणी उडवला तर?

डिचोलीचा_लोहार
उडवणारच, टेबलावर सगळ्यांना कळतं. प्युअरस्टील पॅलाडिन ठेवा: तीन आर्टिफॅक्ट असले की इक्विप ०, माना रॉकही मोजायचे. नेमके तीनच असताना थांबू नका, एक फोडला की पुन्हा पूर्ण किंमत. सिगार्डाज एडने हॅमर ऐन हल्ल्यात उतरून आपसूक लागतो. आणि मॅग्नेटिक थेफ्ट, १ लाल मानात हत्यार क्रीचरला लावतो.

पत्ते ओढायला स्राम आणि पॅलाडिन दोन्ही हवेत. स्राम हत्यार कास्ट करताच पत्ता देतो, समोरच्याने ते काउंटर (रद्द) केलं तरी. पॅलाडिन ते टेबलावर आल्यावर देतो, म्हणून स्टोनफोर्ज मिस्टिकने थेट ठेवलेलंही मोजलं जातं. बाकी काही सुचत नसेल तर स्कलक्लॅम्प: ०/१ रोग्राखला लावला की तो लगेच मरतो आणि दोन पत्ते. परत आणायला आधी २, मग ४ माना, म्हणून एक-दोनदाच. हॅमर लावलेला असताना ही युक्ती चालत नाही, तेव्हा क्रम सांभाळा.

मडगाव_मलिगन
बोर्ड वाइपची (सगळे क्रीचर साफ करणारे पत्ते) भीती फार नको, क्रीचर मेलं तरी हत्यार टेबलावरच राहतं. खरा वैरी ओव्हरलोड केलेला (जास्त माना भरून सगळ्यांवर चालवलेला) व्हँडलब्लास्ट, ५ मानात तुमचे सगळे आर्टिफॅक्ट साफ. बोरोस चार्मचे २ माना राखून ठेवा, सगळं इनडिस्ट्रक्टिबल (फोडता न येणारं) होतं. फेअरवेल मात्र एक्झाइल करतो (खेळाबाहेर काढतो), तिथे चार्म कुचकामी. टेफेरीज प्रोटेक्शन असेल तरच वाचाल.

तिसवाडी_टॅप
चवथ म्हणजे पाऊस असणारच, म्हणून एक भर. डेकमध्ये फॉइल (चकचकीत थराचे पत्ते) असतील तर आपल्या दमट हवेत कागद फुगतो, फॉइलचा थर फुगत नाही, आणि पत्ता पुढच्या बाजूला वाकतो. गड्डीत तो पत्ता नजरेने ओळखू येतो, म्हणजे खुणेचा पत्ता झाला. आतलं घट्ट स्लीव्ह (प्लास्टिकचं कव्हर) उलट्या तोंडाने घालून वर ६६×९१ मिमीचं बाहेरचं, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. वाकलेला पत्ता इस्त्रीखाली घालू नका. त्यापेक्षा हॅमर-एम्बरक्लीव्ह साधे घ्या.