शब्दचर्चा : कर्सेसमधल्या खिडकीची पार्श्वभूमी की जमीन?

प्रश्न

एन्कर्सेस (‘कर्सेस’ या लायब्ररीची एक आवृत्ती; ती टर्मिनलच्या पडद्यावर खिडक्या, म्हणजे चौकोनी भाग, आणि रंग दाखवते) वापरून टर्मिनलवरचे प्रोग्राम कसे लिहावेत, याची मराठी पुस्तिका तयार होते आहे. ‘बॅकग्राउंड’ला तिच्यात सगळीकडे ‘पार्श्वभूमी’ लिहिलं आणि अर्थ गढूळ झाला. डब्ल्यूबीकेजीडी हे फंक्शन ठरवतं ती खिडकीची पार्श्वभूमी. इनिट_पेअर या फंक्शनला दिलेल्या दोन रंगांतला मागचा रंग, तीही पार्श्वभूमी. शेलमधून मागे सोडून दिलेला प्रोग्राम चालतो, तोही पार्श्वभूमीत. निदान पहिल्या दोन गोष्टींना वेगळे शब्द हवेत. सुचवाल का?

प्रतिसाद

तिसऱ्या अर्थाला ‘मागे चालणारा प्रोग्राम’ म्हटलं की तो प्रश्न मिटतो. पहिल्या दोघांची गल्लत मात्र शिकणाऱ्याला थेट चुकीच्या कोडकडे नेते, त्यामुळे शब्द ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते पाहू.

खिडकीची बॅकग्राउंड हा रंग नाही. रिकाम्या घरात (पडद्यावरच्या एका अक्षराच्या जागेत) काय दिसावं, याचा तो नियम आहे. त्यात एक अक्षर असतं (बहुधा मोकळी जागा) आणि त्याला जोडलेले गुणधर्म असतात : ठळक, उलटा, अमुक क्रमांकाची रंगजोडी. इनिट_पेअर(१, कलर_व्हाइट, कलर_ब्लू) ही १ क्रमांकाची जोडी झाली. तिच्यातला निळा हा फक्त त्या जोडीचा मागचा रंग. डब्ल्यूबीकेजीडी(खिडकी, कलर_पेअर(१)) म्हटल्यावर ती जोडी, तिच्या पांढऱ्यासकट, खिडकीच्या रिकाम्या घरांना लागू होते. म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या पोटात आहे. दोघींना एकच नाव देणं चूकच.

नेहमीची फसगत यातूनच होते. निळ्या खिडकीत एक ओळ लाल हवी म्हणून २ क्रमांकाची जोडी लाल-काळी केली जाते. मग निळ्यावर काळी पट्टी उमटते आणि लाल अक्षरं तिच्यावर दिसतात. जोडी लाल-निळी हवी होती. मजकुराचा रंग एकटा बदलत नाही, जोडी बदलते. ‘पार्श्वभूमी निळी केली आहे, मग काळं कुठून आलं?’ या प्रश्नाचं मूळ शब्दात आहे.

प्रतिसाद

छापील कापडाबद्दल बोलताना ‘निळ्या जमिनीवर पांढरी फुलं’ म्हणतात. खिडकीसाठी ‘जमीन’ घ्या आणि जोडीतल्या मागच्या रंगाला ‘तळरंग’ म्हणा. मजकुराच्या रंगाला ‘अक्षररंग’. पार्श्व म्हणजे खरं तर बाजू, कूस. पार्श्वभूमी रूढ आहे हे खरं, पण ती दृश्याच्या मागे कुठेतरी असते. कर्सेसमध्ये मागे काहीच नसतं, थर नसतात. प्रत्येक घरात एकच अक्षर आणि त्याचे गुणधर्म. फुलं आणि जमीन एकाच कापडावर असतात, तसं हे आहे.

प्रश्नकर्ता

‘जमीन’ आवडला. पण डब्ल्यूबीकेजीडी आणि डब्ल्यूबीकेजीडीसेट यांतला फरक कसा सांगायचा? दोन्हींना ‘जमीन ठरवणे’ लिहून चालणार नाही.

प्रतिसाद

डब्ल्यूबीकेजीडीसेट म्हणजे ‘जमीन नेमणे’. नियम बदलतो, पण खिडकीतली आधीची घरं आहेत तशीच राहतात. यापुढे जे लिहाल किंवा पुसाल त्यालाच नवा नियम लागतो. डब्ल्यूबीकेजीडी म्हणजे ‘जमीन बदलणे’. नियम बदलतोच, शिवाय खिडकीतलं प्रत्येक घर तपासून जुन्या जमिनीचं अक्षर जिथे असेल तिथे नवं घातलं जातं आणि गुणधर्मही नवे होतात. एन्कर्सेसमध्ये ज्या अक्षरांना तुम्ही मुद्दाम वेगळी रंगजोडी दिली असेल, ती आपला रंग राखतात.

डब्ल्यूइरेज या खिडकी मोकळी करणाऱ्या फंक्शनला आमच्या मते ‘सारवणे’ हा शब्द नेमका बसतो. रांगोळी जाते आणि अंगण पुन्हा जमिनीच्या रंगाचं होतं. ‘पुसणे’ म्हटलं की वाचक काळी, कोरी खिडकी डोळ्यांपुढे आणतो, आणि तसं होत नाही. डब्ल्यूक्लिअरही सारवतंच, वर पुढच्या खेपेला अख्खा पडदा नव्याने रंगवायला लावतं. म्हणून वरचेवर वापरलं तर पडदा लुकलुकतो. रोजच्या कामाला डब्ल्यूइरेजच घ्या.

आणि ‘रिफ्रेश’ला ‘ताजे करणे’ अजिबात लिहू नका. वरच्या साऱ्या हालचाली स्मरणातल्या प्रतीवर होतात. डब्ल्यूरिफ्रेश त्या पडद्यावर उतरवतं. ‘उतरवणे’ हे क्रियापद वापरलं की ‘जमीन बदलली तरी दिसत नाही’ ही तक्रार निम्मी सुटते.

उरलेली निम्मी कळ वाचणाऱ्या गेटसीएचमुळे येते. ते फंक्शन कळीची वाट पाहण्याआधी मूळ खिडकी, म्हणजे एसटीडीएससीआर, तिच्यात बदल झाला असेल तर आपणहून उतरवतं आणि तुमची नवी निळी खिडकी झाकली जाते. क्रम असा ठेवा : आधी रिफ्रेश, मग नवी खिडकी, तिची जमीन, मजकूर, डब्ल्यूरिफ्रेश. कळ वाचायची ती त्याच खिडकीवर डब्ल्यूगेटसीएचने.

प्रतिसाद

‘जमीन’ शब्दाच्या बाजूने आणखी एक मुद्दा. जमिनीचं अक्षर मोकळी जागा नसून टिंब ठेवलं, तर तुमच्या मजकुरातली प्रत्येक मोकळी जागासुद्धा टिंब होते. ‘नाव आणि गाव’ लिहिलंत तर ‘नाव.आणि.गाव’ उमटतं. ‘पार्श्वभूमी’ म्हणून शिकलेल्याला हा दोष वाटतो. जमीन म्हणून शिकलेल्याला कळतं की जिथे अक्षर नाही तिथे जमीनच दिसणार. नक्षीची जमीन हवीच असेल, तर मजकुरासाठी वर वेगळी खिडकी काढावी आणि तिची जमीन साधी ठेवावी.

पुस्तिकेत ‘जमिनीचं अक्षर’ आणि ‘जमिनीचे गुणधर्म’ असे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग करा. अक्षर दिलंच नाही तर एन्कर्सेस मोकळी जागा धरतं, तरी उदाहरणांत ती उघड लिहिलेली बरी.

प्रतिसाद

सगळं पटलं, पण वापरणाऱ्याला दिसणाऱ्या मेनूत ‘पार्श्वभूमीचा रंग’च राहू द्या. तिथे लोक तोच शब्द शोधतात. ‘जमीन’ प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या पुस्तिकेपुरता.

प्रश्नकर्ता

मान्य. शेवटची अडचण ‘बीसीई’ (बॅक कलर इरेज) या टर्मिनलच्या गुणाची. पूर्ण रूपाचं भाषांतर ‘मागील रंग खोडणे’ असं झालं आहे आणि ते उलटा अर्थ देतं.

प्रतिसाद

हो, त्यात रंगच खोडला जातो असं वाटतं. ‘तळरंगाने सारवणे’ लिहा. टर्मिनलला ओळीचा उरलेला भाग मोकळा करायला सांगितलं, की काही टर्मिनल चालू तळरंगाने सारवतात आणि काही आपल्या मूळ रंगाने. टर्मइन्फो, म्हणजे कोणत्या टर्मिनलला काय जमतं याची यादी, तिच्यातल्या त्या टर्मिनलच्या नोंदीत हा गुण असला तर एन्कर्सेस त्या आज्ञेवर विसंबतं, नसला तर मोकळ्या जागा एकेक करून लिहितं. एक्सटर्म या टर्मिनलच्या नोंदीत तो आहे, ‘स्क्रीन’ (एका टर्मिनलात अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) नावाच्या नोंदीत नाही. स्क्रीनच्या आत असताना ‘टर्म’ हे कोणती नोंद वापरायची ते सांगणारं चल एक्सटर्म असंच ठेवलं, तर निळ्या खिडकीत उजवीकडे काळे पट्टे राहू शकतात. दोष कोडचा नसतो, चुकीच्या नोंदीचा असतो. तपासायला शेलमध्ये ‘टीपुट बीसीई’ ही आज्ञा चालवा आणि लगेच निर्गम-संकेत (आज्ञा संपताना मिळणारा अंक) पाहा : ० आला तर नोंदीत तो गुण आहे, १ आला तर नाही.