कल्याण, योगक्षेम की बरकत?

वडगावची लेक: निपाणीजवळच्या एका बचत गटासाठी माहितीपत्रक करतेय, अर्धं पान मराठी, अर्धं कानडी. पहिलंच वाक्य अडलंय. अर्थशास्त्र कशासाठी, तर माणसाच्या 'वेल-बीइंग'साठी. मी 'कल्याण' लिहिलं, कानडी बाजूला 'योगक्षेम' आलं. काल बैठकीत बिड्या वळणाऱ्या एका काकूंनी दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "त्यास्नी योगक्षेम आणि आमाला नुसतं कल्याण? कमी दिलंय काय?" मला उत्तर सुचलं नाही. सोमवारी छपाईला द्यायचंय. काय ठेवू?

टिळकवाडीकर: कल्याणच ठेवा. 'कल्याणकारी राज्य' आपण म्हणतोच. अमर्त्य सेन यांना १९९८ चं नोबेल मिळालं तेही कल्याणाच्या अर्थशास्त्रासाठी. रुळलेला शब्द आहे, का मोडायचा?

खानापूर रोड: कारण इकडं बेळगावाकडं कानडीत कल्याण म्हणजे लग्न. गल्लोगल्ली कल्याणमंटप आहेत. शेजारच्या कानडी माणसाला 'मानवी कल्याण' वाचून दाखवा, त्याच्या डोळ्यांपुढं आधी अक्षता येतील. आणि मराठीत कल्याण हे खात्याचं असतं, वरून कुणीतरी करायचं. काकूंना तेच खुपलं असणार.

टिळकवाडीकर: मराठी मजकूर कानडी कानानं का तपासायचा? मराठी पाटीसाठी, मराठी कागदासाठी इथं पिढ्या भांडल्या. आपल्या शब्दाचा अर्थ आपणच ठरवायचा.

निपाणीची माहेरवाशीण: दादा, योगक्षेम कानडी नाही हो. गीतेच्या नवव्या अध्यायातला शब्द, आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हातल्या दिव्याखाली छापलेला असतो. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. माझी आई बिड्या वळायची. पानं रात्री ओल्या फडक्यात, पहाटे पत्र्याच्या मापानं कातरायची, मग दिवसभर मांडीवर सूप. मजुरी हजार बिड्यांमागं. माल द्यायला गेली की बंडल सोडून खराब म्हणून 'छाट' काढायचे. छाटलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. तरी घरात रोज पैसा येत होता, म्हणजे योग होता. रात्री मात्र तिचा खोकला थांबायचा नाही. क्षेम कुठं होतं? मानव विकास निर्देशांक १९९० साली आला, त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण धरतात. कॉलेजात हे शिकताना मला आईचं सूप दिसत होतं. कल्याण या शब्दात हे दोन कप्पे नाहीत. योगक्षेमच ठेव गं.

अनगोळचा मास्तर: मुळात 'अर्थ' शब्दच बघा की. कौटिल्य सांगतो, "मनुष्याणां वृत्तिरर्थः", माणसांची उपजीविका तो अर्थ. पैसा नंतर आला. त्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ म्हैसूरच्या ग्रंथालयात श्यामशास्त्रींच्या हाती लागला आणि १९०९ साली छापला गेला, म्हणजे आत्ताच्या आपल्याच राज्यात, कर्नाटकात. माझं मत असं, की 'परोपकारार्थ'मधला 'अर्थ' तोच यात आहे. 'कशासाठी' हा प्रश्न त्या शास्त्राच्या नावातच बसलाय.

टिळकवाडीकर: मास्तर, हे ओढूनताणून होतंय. 'अर्थसंकल्प'मध्ये कुठला 'कशासाठी'?

अनगोळचा मास्तर: तिथं तर सगळ्यात आधी विचारायला हवा.

येळ्ळूर शिवार: सगळं संस्कृतच का? आमची आजी 'बरकत' म्हणायची. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणून तोंडातून काढायची नाही. बरकत, दोन, तीन, अशी मोजायची. पुरून उरलं पाहिजे, हे सगळं त्यात आलं.

टिळकवाडीकर: बरकत अरबी आहे. पहिल्या मापाला मराठीत 'लाभ' म्हणतात.

येळ्ळूर शिवार: अरबी असूद्या. आजीनं जन्मभर त्याच शब्दानं भात मोजलं, त्यापेक्षा मराठी आणखी काय असतं?

निपाणीची माहेरवाशीण: आमच्यात लाभच. पण लाभ दुकानाच्या वहीवर असतो, बरकत डब्यात असते. एक नव्हेत.

वडगावची लेक: मग पत्रकात 'बरकत' चालेल? काकूंना कळेल तरी.

खानापूर रोड: बरकतीत खोकला येतो का, ते आधी बघा.

येळ्ळूर शिवार: मापावरनं आठवलं. कापणीच्या बायकांना आजी पायलीवर शीग, म्हणजे काठाच्या वर ढीग, ठेवून भात घालायची. अडत्या आला की त्याच पायलीवरनं हात फिरवून सपाट. 'शिगेला पोचणे' ते ह्याच शिगेवरनं. तुमच्याकडं सपाट मापाला वेगळा शब्द आहे काय?

खानापूर रोड: शब्द नाही आठवत. पण आमच्यात शीग ओंजळीनं घालायचे, आणि ती ओंजळ मालकिणीची नाही, घेणारीची असायची.