८५ हजारांचा स्ट्रीमर आणि उठलेला पडदा

झिरोवॅट
मंद्रसप्तक यांचा कालचा लेख वाचला आणि चहा निवून गेला. ८५ हजारांचा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा, वर ९ हजारांची लॅन केबल, आणि निष्कर्ष काय? तर "गाण्यावरचा पडदा उठला, तंबोऱ्याच्या जवारीतले कण न् कण ऐकू आले." कण! अहो, बावीस वर्षं नेटवर्किंगमध्ये घालवली. लॅनमधून येतात ते आकडे, पाकिटं करून. एखादं पाकीट खराब आलं तर पुन्हा मागवलं जातं, सगळं आधी बफरमध्ये साठतं आणि मग वाजतं. गाणं चालू असताना केबल उपटून बघा. थोडा वेळ ते तसंच चालू राहील. त्या वेळात तुमची केबल फरशीवर असेल आणि जवारी जागच्या जागी. स्वस्त केबलमधून आलेला बँकेचा ओटीपी पुसट दिसतो का?

माझ्याकडे रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आहे, त्यावर डॅकचं, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारं कार्ड. खर्च तुमच्या केबलइतकाच. स्पीकर बदला, फरक कळेल. कोटा फरशीवर जाड सतरंजी टाका, तोही कळेल. स्ट्रीमर बदललेला फक्त घरच्यांना कळतो, कार्डाचं बिल आल्यावर.

मंद्रसप्तक
८५ हजार माझे, चहा तुमचा. केबल दुकानदाराने गळ्यात मारली, मान्य. विषय मिटला.
पण आकडे म्हणजे आवाज नव्हे. डॅक, पॉवर सप्लाय, पुढची ॲनालॉग बाजू, सगळं त्या डब्यातच असतं ना? माझा जुना डबा मोबाइलच्या चार्जरवर चालायचा. रात्री आलाप लावला की मागे घुंऽऽ. नवीन लावला आणि घुं गेलं. मी चौदा वर्षं गाणं शिकलोय, पाकिटं नाही मोजली. आणि २०१६ साली जोशुआ राइस यांनी हाय-रेझवरचे, म्हणजे सीडीपेक्षा बारीक दर्जाच्या ध्वनीवरचे, १८ अभ्यास एकत्र करून दाखवलंय की फरक ओळखता येतो. वाचा.

झिरोवॅट
वाचलंय. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. नाणं उडवलं तर ५०. या सव्वादोन टक्क्यांना तुम्ही पडदा उठला म्हणता? मेयर आणि मोरान यांचा २००७ चा निबंधही वाचा मग. हाय-रेझच्या वाटेत गुपचूप सीडीचा दर्जा घुसवला, ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणंच!

मंद्रसप्तक
राइसमध्ये शिकलेल्या कानांचा निकाल बराच चांगला होता. तेवढं सोयीस्कर गाळलंत.

पेठेतला_पंखा
हाय-रेझ वेगळं, डबा वेगळा. दोघंही विषय सोडून भांडताय. असो.
ते घुं मात्र ओळखीचं आहे. मी त्यापायी दोन डॅक बदलले, २३ हजार गेले. शेवटी केबलवाला टीव्हीची वायर काढून घेऊन गेला आणि घुं बंद! टीव्ही ॲम्पला जोडलेला, केबलची वायर टीव्हीला, असा अर्थिंगचा फेरा झाला होता. आमच्या वाड्याचं अर्थिंग पेशवाईतलं. मंद्रसप्तक, नवा डबा बसवताना अजून काय काय उपटलंत?

काळी_चार
तुम्ही पुरुष मंडळी डबे मोजत बसा. त्या डब्यातून येणारी पट्टीच चुकीची असते, त्याबद्दल कोणी बोलेल का? मी पेटी शिकवते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या स्ट्रीमिंगवर आल्यात, पण उतरवताना वेग कोणी तपासलेला नाही. वेग सहा टक्के जास्त झाला की पांढरी पाचचं गाणं काळी चारला जातं. त्याहून कमी वाढला तर मुली साथ करायला बसतात आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकतात. वर आवाज इतका घासून पुसलेला की खरखरीबरोबर तंबोराही गेला. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तिथे तरी नीट वाजो.

आपला_गप्या
ताई, मूळ पट्टी पांढरी पाचच होती हे कशावरून?

काळी_चार
आमच्या आजोबांकडे तबकडी होती. तिची पट्टी ते पेटीवर जुळवून घ्यायचे.

आपला_गप्या
आणि आजोबांचा चावीचा ग्रामोफोन बरोबर वेगाने फिरत होता, हे कशावरून? ;)

काळी_चार
आजोबांवर जायचं काम नाही. एकच तबकडी दोन ॲपवर दोन पट्ट्यांत आहे. म्हणजे त्यातली एक तरी चूक आहेच ना? का हेही नाणं उडवून ठरवू?

आपला_गप्या
शरण. सुरुवातीच्या काळात तर कंपन्यांचाही वेग एक नव्हता, ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. आजोबांना नमस्कार सांगा.

काळी_चार
ते १९९१ ला गेले.

पेठेतला_पंखा
ॲपवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल यांच्यामध्ये जी खिंड पडते, तिच्यावरही कोणीतरी धागा काढा. सम यायची आणि शांतता!

झिरोवॅट
मूळ मुद्दा. मंद्रसप्तक, नवा डबा ॲम्पला एक्सएलआर केबलने जोडलाय आणि जुना साध्या आरसीए केबलने होता का?

मंद्रसप्तक
हो. मग?

झिरोवॅट
एक्सएलआरवर बहुतेक ४ व्होल्ट येतात, आरसीएवर २. म्हणजे ६ डेसिबल जोरात. ॲम्पने ते आत कमी केलं नसेल, तर तुम्ही डबा नव्हे, व्हॉल्यूम वाढवलात. जोरात वाजलेलं सगळ्यांनाच "उघडं" वाटतं.

मंद्रसप्तक
हे जरा जास्त होतंय. मला व्हॉल्यूम कळत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

*(दोन दिवसांनी)*

मंद्रसप्तक
मुलीला अदलाबदल करायला बसवलं, मी पाठ करून. दोन्ही डबे आरसीएने, आवाज मीटरने सारखा केला. दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. काय हसायचं ते हसून घ्या. जुन्या डब्याचं घुं त्याचा चार्जर बदलल्यावर गेलं, चार्जर साडेचारशेचा. स्ट्रीमर परत करणार नाही. त्याचा डिस्प्ले छान आहे आणि मुलगी आता माझ्याबरोबर गाणी ऐकते.

झिरोवॅट
हसत नाहीये. दहापैकी नऊ आले असते तर मीच घेतला असता.

काळी_चार
सहा राहू दे. त्या डब्यात वेग कमी-जास्त करायची सोय आहे का? नाही ना? ८५ हजारांत?