डेबियन १२ वरून १३ : मोबाइलच्या मंद नेटवर अपग्रेड कसं करावं?

सत्तरीकर :
लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम), ग्नोम डेस्कटॉप. वाळपईच्या पुढे फायबर नाही. फोन बलकांवात (घराच्या पुढच्या ओसरीत) ठेवला की हॉटस्पॉटवर दीड एमबीपीएस मिळतो, पॅक रोज दीड जीबीचा. मध्येच नेट तुटलं तर सिस्टीम अर्धवट राहील का? की नेटइन्स्टची (नेटवरून इन्स्टॉल करणारी छोटी) आयएसओ फाइल उतरवून कोरं इन्स्टॉल करू?

डिचोली_कर्नल :
नेटइन्स्ट नको. फाइल जेमतेम पाऊण जीबीची दिसते, पण डेस्कटॉपची सगळी पॅकेजेस ती इन्स्टॉल चालू असतानाच नेटवरून ओढते. म्हणजे तुटायचं तिथेच तुटणार.

उतरवणं आणि बसवणं वेगळं करा. आधी १२ पूर्ण अद्ययावत करा, बॅकअप घ्या, बाहेरच्या रिपॉझिटरी (डेबियनच्या नसलेले पॅकेजचे साठे) बंद करा. सोर्सेसच्या यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची ती फाइल) सगळीकडे बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी (१३ चं नाव) लिहून 'ॲप्ट अपडेट' (ॲप्ट म्हणजे डेबियनची पॅकेज उतरवण्या-बसवण्याची कमांड). मग 'फुल-अपग्रेड'ला 'डाउनलोड-ओन्ली' हा पर्याय जोडा. किती एमबी उतरवायचे तो आकडा ॲप्ट आधीच सांगतो. तो पाहून 'नाही' म्हणा आणि आधी ओझं कमी करा : टेक लाइव्ह, खेळ, वापरात नसलेलं लिब्रेऑफिस काढलं की आकडा बराच उतरतो.

नेट तुटलं तरी अर्धी फाइल 'पार्शल' फोल्डरमध्ये राहते, तीच कमांड पुन्हा दिली की तिथून पुढे चालू. फक्त मध्येच 'ॲप्ट क्लीन' करू नका, सगळं पुसलं जाईल.

दीड एमबीपीएस म्हणजे तासाला ६७५ एमबी, तेही न अडखळता. दीड जीबीला सव्वादोन तास. दिवसभर डेटा न वापरता रात्री पावणेदहाला सुरू केलंत तर बारापर्यंत आजचा कोटा संपतो आणि लगेच उद्याचा लागतो (तुमच्या पॅकचा कोटा मध्यरात्री बदलत असेल तर). एका बैठकीत तीन जीबी. कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला तर तासाला २९ एमबीसुद्धा मिळत नाहीत, तेव्हा थांबवलेलंच बरं.

सगळं उतरल्यावर हॉटस्पॉट बंद करून बसवा, 'ॲप्ट-गेट'ला 'नो-डाउनलोड' देऊन. आधी 'अपग्रेड' 'विदाउट-न्यू-पीकेजीएस'सह, मग 'फुल-अपग्रेड'. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, पावसात विजेचा भरवसा नाही. तरी मध्येच बंद पडलाच तर 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर -ए', नंतर 'ॲप्ट -एफ इन्स्टॉल'.

आणि हो, मशीनवर ३२-बिट इन्स्टॉलेशन असेल तर हे सगळं विसरा, १३ त्यावर चालणार नाही. घाईही नाही, १२ ला एलटीएस (दीर्घकाळ मिळणारे सुरक्षा अपडेट) जून २०२८ पर्यंत आहे.

फोंडेकर :
पणजीला किंवा फोंड्याला चांगलं नेट मिळत असेल तर 'ॲप्ट-ऑफलाइन' पाहा. घरच्या मशीनवर सिग्नेचर फाइल (काय काय उतरवायचं त्याची नोंद) बनवायची, दुसऱ्या संगणकावर (विंडोजही चालतो) 'गेट' करून झिप बंडल घ्यायचं, घरी 'इन्स्टॉल'. लोक चुकतात ते इथे : एका खेपेत हे होत नाही. ट्रिक्सीची यादी घरी आल्याशिवाय कोणती पॅकेजेस लागतील हे मशीनला कळतच नाही. पहिली खेप अपडेटची, दुसरी अपग्रेडची. यादी लहान असते, ती फोनवर उतरवली तर कदंबाची (बसची) एक फेरी वाचेल. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

सत्तरीकर :
यादी उतरली, पण 'हॅश सम मिसमॅच' (उतरलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही) येतंय. तीनदा केलं.

डिचोली_कर्नल :
वाटेतली कॅश जुनी फाइल देते तेव्हा असं होतं. 'व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स'मधलं सगळं पुसा, सोर्सेसमध्ये एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस लिहा, पुन्हा अपडेट. उतरवलेली पॅकेजेस दुसऱ्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांना धक्का लागत नाही. घरात दुसराही डेबियन असेल तर बसवण्याआधी ती कॉपी करून ठेवा. नुसता 'ॲप्ट' वापरलात तर काम झाल्यावर तो त्या फाइली काढून टाकतो, 'ॲप्ट-गेट' ठेवतो.