मामांना पक्षी बघायला न्यायचंय, सुरुवात कशी करू?

वाटसरू:
मामा ७६ वर्षांचे. कित्येक वर्षं आमचं बोलणं ‘बरा आहेस ना’च्या पुढे गेलेलं नाही. एकेकाळी त्यांना पक्ष्यांचा नाद होता, म्हणून एखाद्या सकाळी बरोबर न्यावं म्हणतोय. गुडघे कुरकुरतात, चष्मा आहे, ऐकायला जरा कमी येतं. किती वेळ जावं, दुर्बीण कुठली घ्यावी आणि तिथे बोलायचं काय?

पाणकोंबडी:
पहिली फेरी दीड तासाची, बास. चालायची नाही, बसायची जागा शोधा: पाण्याचा काठ, पाठ टेकता येईल असा बाक, जवळ स्वच्छतागृह. आधी एकटे जाऊन बघून या. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर पक्षी नुसता काळा दिसतो आणि डोळे दिपतात ते वेगळंच.

दुर्बीण ८×३२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३२ मिमी रुंद. १०× नको, हाताची थरथरही दहापट दिसते. ३२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात शिरणारा ४ मिमीचा प्रकाशझोत. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली त्याहून लहानच असते, मग ४२ मिमी भिंगाचं वजन गळ्यात कशाला? चष्मेवाल्यांसाठी ‘आय रिलीफ’ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५ मिमी हवा आणि डोळ्याकडच्या रबरी वाट्या पूर्ण खाली.

घोळ होतो तो जुळवणीत. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजवीकडची कडी फिरवायची. हे राहिलं की धुरकट दिसतं, ‘मला नाही दिसत’ म्हणून दुर्बीण परत येते आणि विषय संपतो.

झाडाखालचा:
वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘ऐकू आला का?’ असं दर वेळी विचारलंत तर माणूस गप्प होईल. बगळे, पाणकावळे, बदकं असे मोठे, निवांत पक्षी निवडा. बसायचं चांगल्या कानाच्या बाजूला. दुर्बीण डोळ्याला असताना बोलू नका, त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत.

बोलण्याचं म्हणाल तर मुलाखत घेऊ नका. तुम्हाला खरंच न कळलेलं विचारा: हा एका पायावर का उभा? वही त्यांच्या हातात द्या. तारीख, वेळ, पक्षी, संख्या. नाव पटलं नाही तर फोन खिशातच राहू दे. वाद घरी न्यावा, पुढच्या फेरीला कारण मिळतं.

रानवाट:
फोनबद्दल असहमत. मर्लिन ॲप आवाज ओळखून नाव पडद्यावर दाखवतं. कमी ऐकू येणाऱ्याला तेवढाच आधार. चुकतंही, पण ती चूक पकडायला मामांना मजा येईल.

वाटसरू:
चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. चालेल?

पाणकोंबडी:
चालेल, पण वरच्या भागातून बघायला सांगा. आणि उतरताना पायरीच्या आधी थांबा: खालच्या भिंगातून पायरी धुरकट दिसते, पाऊल चुकतं.