शेताकडेचा ओढा जिवंत आहे का, कसं ओळखायचं?

ओढ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं रान कराड तालुक्यात, बांधाला लागूनच ओढा आहे, पुढं जाऊन कृष्णेला मिळतो. रुंदी आठ-दहा फूट, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, आता डिसेंबरात घोट्याच्या थोडं वर. लहानपणी दगड उचलला की खेकडा हमखास, झिंगे तर ओंजळीनं निघायचे. आता दोन्ही बाजूला ऊसच ऊस, पाटाचं जादा झालेलं पाणी चरीतून सगळं ओढ्यात, आणि हिरवं शेवाळ इतकं माजलंय की पाय ठरत नाही. मागच्या महिन्यात नमुना लॅबला दिला, त्यांनी पीएच (आम्ल-अल्कपणा) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) काढून "शेतीस योग्य" लिहून दिलं. पण मला ओढ्याचं काय झालंय ते कळायला पाहिजे. पाणी नितळ आहे, तळ दिसतो, गप्पी मासे पण ढीगभर आहेत. मग खेकडे गेले कुठं? घरच्या घरी बघता येईल अशी काही पद्धत आहे का? वडील अजून रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसतात म्हणून जास्त वाटतं.

दगडाखाली:
दादा, नितळ पाण्यावर जाऊ नका, विरघळलेला युरिया आणि औषध डोळ्याला दिसत नाही. गप्पीवर तर अजिबातच जाऊ नका, ते पृष्ठभागालगतच्या पातळ थरातला ऑक्सिजन घेऊन घाण पाण्यातही तगतात, गटारात सोडतात ते म्हणूनच. पाणनिवळ्यांचं पण तसंच, त्या वरची हवा घेतात.

खरी माहिती तळाला मिळते. जिथं पाणी दगडांवरून खळखळत जातं तिथं बारीक जाळी किंवा पिठाची चाळणी पाण्यात उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायानं तळ दोन मिनिटं ढवळायचा, जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून ओतायचं आणि पाच मिनिटं गप्प बसून बघायचं, हळूहळू हलायला लागतात. मेफ्लाय नावाच्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं म्हणजे बहुतेक वेळा शेपटीला केसासारखे तीन बारीक धागे आणि पोटाच्या कडेला फडफडणारे कल्ले. इथं खूप जण फसतात कारण टाचणीच्या (चतुरासारखा बारीक किडा) पिल्लालाही तीन शेपट्या असतात, पण त्या पानासारख्या चपट्या. कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या बऱ्याच अळ्या वाळूचं नाहीतर काड्यांचं नळकांडं करून राहतात. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या बऱ्याच जातींना भरपूर ऑक्सिजन लागतो, त्या वेगवेगळ्या प्रकारच्या सापडल्या तर ओढ्यात दम आहे. नुसत्या लालभडक अळ्या आणि चिखलात वळवळणारे ट्युबिफेक्स (गांडुळासारखे बारीक किडे) सापडले तर ऑक्सिजन कमी पडतोय, त्या अळ्या लाल असतात त्याच हिमोग्लोबिनमुळे, थोडक्या ऑक्सिजनवर भागवतात.

नेटवरचे तक्ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेच्या थंड ओढ्यांचे असतात, त्यात स्टोनफ्लाय या पाणकिड्याला मोठा मान असतो. सपाटीवरच्या आपल्या गरम ओढ्यात ती न सापडणं म्हणजे ओढा मेला असं नाही. म्हणून तुलना स्वतःच्याच ओढ्याशी करा, चरीच्या वर एक जागा आणि खाली एक, दोन्हीकडे तळ आणि ओढ सारखी हवी.

माळावरची:
भाऊ, मी कोरेगावकडची. आमच्याकडं खोलीकरण झालं, जेसीबीनं ओढ्याचा सरळ चर करून टाकला, ना डोह राहिला ना खळखळाट, सगळीकडं एकसारखा गाळ. पाणी साठलं हे खरं, पण मासे अंडी कुठं घालणार? तुमच्याकडं तसं काही झालंय का ते आधी बघा. काठावर करंज, उंबर, वाळुंज उभे आहेत की नुसती बेशरम? सावली गेली की पाणी तापतं, आणि ऊन आणि खत एकत्र आलं की शेवाळ येणारच. आणि एक रागानं सांगते, फवारणीचा पंप ओढ्यात धुणं थांबवा सगळ्यांनी! हुमणीला ओततो ते इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं आणि मेफ्लायसारख्या किड्यांना अगदी थोडंसंही पुरतं.

पहाटपाणी:
ऑक्सिजन मोजणार असाल तर दुपारी मोजू नका. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं त्यामुळं दुपारचा आकडा झकास येतो, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून सूर्य उगवायच्या आधीचा आकडा खरा. थेंब मोजायचं किट मिळतं. केंद्रीय प्रदूषण मंडळानं मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त धरलंय. नायट्रेटची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आपल्या पिण्याच्या पाण्याची आहे, शेवाळ माजायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं.

ओढ्याकाठचा:
सगळ्यांचे आभार. रविवारी मुलीला घेऊन गेलो. पुलाच्या वरच्या अंगाला, जिथं कुणाचीच चर येत नाही, तिथं केसासारख्या तीन शेपट्यांचे १४ निघाले, वाळूच्या घरातले ५ आणि नखाएवढा एक खेकडा! मुलगी ओरडलीच. आमच्या चरीच्या खाली तशाच उथळ जागी नुसत्या लाल अळ्या, दुसरं काही नाही. पहाटेचा ऑक्सिजन वर ६, खाली ३. चर आमचीच आहे, त्यामुळं दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही. पंप आता विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब पडीक जागेत धुतोय, आणि खालच्या एकरात ठिबक करायचं ठरवलंय. चरीच्या तोंडाशी पाणकणीस लावलं तर खत शोषून घेतं असं ऐकलंय, ते खरं का?

दगडाखाली:
घेतं. पण आधी चरीचं तोंड रुंद करून पाणी थोडं थांबेल असं करा, सरळ धावत गेलं तर काही उपयोग नाही. आणि पाणकणीस दरवर्षी कापून काठावरनं लांब न्या, तिथंच कुजलं तर सगळं परत पाण्यात. मार्चमध्ये पुन्हा त्याच दोन जागी जाळी लावा, पावसाळ्यात नको, पूर आला की तळच वाहून जातो.