भीमाशंकरच्या रानात बारमाही तंबू असावेत का?

कोथरूडकर (धागाकर्ता):
भीमाशंकर परिसरात 'बारा महिने तंबूतला मुक्काम' अशी एका सहलगटाची जाहिरात परवा पाहण्यात आली. जंगलात जाण्याला माझा विरोध नाही. कॉलेजपासून मीही हेच करत आलो आहे. माझा आक्षेप फक्त 'बारा महिने' या दोन शब्दांना आहे. १९८५ साली हे अभयारण्य जाहीर झाले ते प्रामुख्याने शेकरूसाठी, आपल्या शनिवार-रविवारसाठी नव्हे. मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. नर उडता उडता लुकलुकतो, बसलेली मादी प्रकाशानेच उत्तर देते, आणि एवढ्या थोड्या दिवसांत त्यांची पुढची पिढी ठरते. गेल्या वर्षी एका झाडाखाली तीस-चाळीस माणसे मोबाइलचे दिवे लावून उभी होती, मागे एक गाडी हेडलाइट चालू ठेवून थांबली होती. पाव तासात ते झाड विझत गेले. निदान हे दिवस तरी मुक्काम बंद ठेवावेत, असे माझे मत आहे.

सिंहगड रोडवासी:
नम्रपणे असहमत. आपण सांगितलेल्या प्रसंगात दोष दिव्यांचा आहे, तंबूंचा नाही. किंबहुना ती गाडी मुक्कामाला आलेल्यांची नसून रात्रीच परतणाऱ्यांची असण्याची शक्यता अधिक. बंदी घातली म्हणून माणूस घरी बसत नाही. तो एक तर पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगेत ध्वनिवर्धकाच्या शेजारी झोपतो, नाहीतर चोरवाटेने रानात शिरतो आणि मग त्याची नोंद कोणाकडेच राहत नाही. मोजके तंबू, आगाऊ नोंदणी आणि प्रत्येक गटाबरोबर गावातला वाटाड्या एवढे केले तरी पुष्कळ साधेल. माझ्या मुलीने पहिल्यांदा रातवा या निशाचर पक्ष्याची 'चक्-चक्' ऐकली तेव्हा कुणाचा पंप चालू आहे का, असे विचारले होते. पुण्यात वाढणाऱ्या मुलांना अंधार ठाऊकच नसेल, तर उद्या तो राखणार कोण?

आंबेगावकर:
मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, नोकरीनिमित्त भोसरीत राहतो. आपण दोघेही रान म्हणजे रिकामी जागा धरून बोलत आहात. अभयारण्य झाल्यावर आमच्या आजीला सरपणाच्या एका मोळीसाठी हटकले गेले, आणि शहरातून आलेला गट त्याच रानात शेकोटी पेटवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला मनाई करते. फेब्रुवारीनंतर गवत वाळले की एक ठिणगीही डोंगर काळा करते. त्याच उन्हाळ्यात आमची माणसे बाळहिरडा, म्हणजे औषधी हिरड्याची कोवळी फळे, वेचतात, म्हणजे वणव्यात वर्षाची मिळकत जाते. वाटाड्याचे म्हणाल, तर तंबूचे पैसे पुण्यातच भरले जातात आणि गावाच्या वाट्याला पिठलं-भाकरीच्या ताटाचे तेवढे येतात. राहिला पावसाळा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, ते आमच्याच तालुक्यात. पावसाळी तंबूची जाहिरात लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितले आहे का?

कोथरूडकर:
वणव्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो मान्य. म्हणजे मी मागितलेली बंदी अपुरीच ठरते. मग मुक्काम फक्त नोव्हेंबर ते जानेवारी असावा, तोही अभयारण्याच्या हद्दीबाहेर गावाच्या शिवारात आणि शेकोटीविना. सिंहगड रोडवासी यांची नोंदणीची सूचना त्यात बसते.

सिंहगड रोडवासी:
तीनच महिने मला फार तोकडे वाटतात. उन्हाळ्यात दिवसाची भटकंती तरी चालू ठेवावी. तिला ना चूल लागते ना दिवा. शिवारातल्या मुक्कामाला मात्र माझी हरकत नाही, पैसे थेट गावात जाणार असतील तर मुळीच नाही.

आंबेगावकर:
आमच्या अंगणातही तंबू लावता येतील. फक्त किती जणांच्या भाकरी लागतील ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे, कारण गिरणी खालच्या गावात आहे आणि वीज असेल तेव्हाच चालते.